‘डोळे झाकून पॉवर बीआय घ्या’ हा सल्ला का मानू नये

मराठवाड्यात वाळूज, शेंद्र्यापासून लातूरपर्यंतच्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या सॉफ्टवेअरबद्दल एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: “रिपोर्टिंगसाठी डोळे झाकून पॉवर बीआय घ्या, ते फुकट आहे. डेटा वेअरहाऊसची भानगड नको, थेट टॅलीला जोडा. एकदा टूल आलं की सगळ्यांचे आकडे आपोआप जुळतात. ओपन सोर्सच्या नादी लागू नका. आणि डॅशबोर्ड आला की एक्सेल बंद.”

यातलं डेटा वेअरहाऊस म्हणजे ठिकठिकाणच्या नोंदी रिपोर्टसाठी एकत्र जपून ठेवणारा साठा, आणि डॅशबोर्ड म्हणजे आकडे नि आलेख एका नजरेत दाखवणारा पडदा. पॉवर बीआय चांगलं आहे, मी ते वापरतो आणि कित्येकांना सुचवतोही. पण या मजकुरावर विसंबून पैसे घालवणारे आपल्याकडचे छोटे-मध्यम कारखानदार आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

फुकट आहे. फुकट आहे ते पॉवर बीआय डेस्कटॉप, म्हणजे रिपोर्ट तयार करायचं सॉफ्टवेअर, तेही फक्त विंडोजवर. तो रिपोर्ट इतरांना रीतसर दाखवायचा तर बनवणारा आणि बघणारा, दोघांनाही प्रो लायसन्स लागतं. मोठी कपॅसिटी, म्हणजे कंपनीपुरती राखीव सर्व्हर-क्षमता, विकत घेतली असेल तरच बघणाऱ्यांचं लायसन्स वाचतं. एप्रिल २०२५ पासून प्रोचा अमेरिकी दर माणशी महिना १४ डॉलर आहे. बघणारे ४० असतील तर वर्षाचे ६,७२० डॉलर झाले. हा खर्च चुकवायला काही जण ‘पब्लिश टू वेब’ करून लिंक ग्रुपवर टाकतात. कृपा करून असं करू नका. त्या लिंकला लॉगिन नसतं. ती ज्याच्या हाती पडेल त्याला तुमची डीलरनिहाय विक्री दिसते.

थेट टॅलीला जोडा. जोडता येतं. पण टॅली चालू असेल तेव्हाच ओडीबीसीने (एका सॉफ्टवेअरमधला डेटा दुसऱ्याला देणाऱ्या दुव्याने) डेटा मिळतो, आणि ही त्यातली लहान अडचण. मोठी अडचण वेगळीच आहे. मार्च उलटला की अकाउंटंट मागच्या तारखेची व्हाउचरं दुरुस्त करतो. ते त्याचं कामच आहे. मग थेट जोडलेल्या रिपोर्टमध्ये जानेवारीचा आकडा बदलतो आणि आधी काय होता याचा मागमूस राहत नाही. वेअरहाऊसमध्ये रोज रात्री नोंदी तारखेसकट साठवल्या, तर बँकेला फेब्रुवारीत दिलेला आकडा कुठून आला होता हे ऑगस्टमध्येही दाखवता येतं. त्यासाठी फार मोठं काही लागत नाही. मध्यम कारखान्याला साध्या सर्व्हरवरचा पोस्टग्रेस हा मोफत डेटाबेस पुरतो.

आकडे आपोआप जुळतात. सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. जालन्याच्या बियाणे व्यवसायाचंच बघा. पेरणीच्या तोंडावर माल डीलरकडे रवाना होतो, मार्केटिंगवाले त्याला विक्री म्हणतात. पेरण्या उरकल्या की न खपलेल्या पिशव्या परत येतात, आणि त्या वजा करून जे उरतं ते अकाउंट्सच्या लेखी विक्री. दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण एकाच बैठकीत दोन डॅशबोर्ड दोन आकडे दाखवतात आणि दोष टूलवर जातो. ‘विक्री’ म्हणजे काय, हे मालकाने दोन्ही विभागांना एकत्र बसवून कागदावर लिहून घ्यायचं असतं. ती व्याख्या वेअरहाऊसमध्ये एकदाच बसवली की वर कोणतंही टूल लावा, उत्तर एकच येतं.

हंगामाचंही तेच. साखर हंगाम १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर, आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पॉवर बीआयची आपोआप तयार होणारी तारखांची मांडणी मात्र जानेवारी ते डिसेंबर. तारखांचं स्वतंत्र टेबल केलं नाही, तर एकाच गाळप हंगामाचे दोन तुकडे होतात आणि उताऱ्याची (उसातून किती टक्के साखर निघाली याची) तुलना फसते.

आणि जिल्ह्यांची नावं! २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. जुनी बिलं जुन्या नावाने, नवी नव्या नावाने, त्यामुळे आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्याचे रिपोर्टमध्ये दहा जिल्हे होतात. धाराशिवची विक्री २०२३ नंतर एकदम ‘सुरू झालेली’ दिसते. जिल्ह्याला एक कायमचा कोड द्यायचा आणि नाव त्याच्याशी जोडायचं, हे वेअरहाऊस बांधतानाच करायचं काम आहे.

ओपन सोर्सच्या नादी लागू नका. सरसकट असं म्हणणं चूक आहे. सुपरसेट आणि मेटाबेस ही अशीच ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेली, रिपोर्टिंगची टूलं. सुपरसेट २०१५ साली एअरबीएनबीत सुरू झालं आणि २०२१ मध्ये ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनचा पूर्ण दर्जाचा (टॉप-लेव्हल) प्रकल्प म्हणून जाहीर झालं. मेटाबेस त्याहून सोपं आहे. बघणारे पुष्कळ आणि बनवणारे दोघंच असतील तर इथे मोठी बचत होते. मात्र लिनक्स सर्व्हर सांभाळणारा माणूस हवा. शिवाय ‘नांदेडच्या मॅनेजरला फक्त नांदेडच्याच ओळी दिसाव्यात’ असं बंधन सुपरसेटमध्ये मोफत मिळतं, मेटाबेसमध्ये त्यासाठी पैसे भरून घ्यायची आवृत्ती लागते. हे आधी विचारून घ्या.

एक्सेल बंद. होत नाही, आणि करूही नये. अकाउंट्सला आकडे उलटसुलट तपासायला एक्सेलच लागतं. पॉवर बीआयच्या रिपोर्टमधून एक्सेलमध्ये साधारण दीड लाख ओळी उतरतात, सीएसव्हीत (साध्या मजकुराच्या फाइलीत) तीसच हजार. वर्षभराच्या वजनकाट्याच्या पावत्या त्यात मावतील का, हे टूल घेण्याआधी मोजा.

डेमोला विक्रेत्याचा नमुना डेटा बघत बसू नका. तुमचाच डेटा द्या, रोज लागणारे तीन रिपोर्ट तुमच्यासमोर करून मागा आणि त्यांची पीडीएफ छापून बघा. फुलंब्री, सिल्लोड, अर्धापूर ही नावं कागदावर नीट उमटतात का, जोडाक्षरं फुटतात का, ते तिथेच कळतं. नावं श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये भरलेली असतील तर आधी ती युनिकोडमध्ये आणावी लागतील. त्या कामाचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा लिहून घ्या.