धारोष्ण दुधावर सर्राचं खापर

‘कोल्हापुरात गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊ नका. म्हशींचा सर्रा माणसाला लागतो, चंद्रपूरला एक जण दगावला. गोठ्यात संध्याकाळी धूर करा, गोचिडाचं इंजेक्शन द्या, बास!’ हा मेसेज मला आठवड्यात तीनदा आला. (सर्रा म्हणजे रक्तातल्या परजीवीमुळं जनावरांना होणारा रोग.) एकदा तर आमच्या आत्तीकडूनच.

चंद्रपूरचं अर्धं खरं आहे. २००४ साली त्या जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात सर्राचा परजीवी सापडला, पण तो माणूस दगावला नाही. सुरामिन नावाच्या औषधानं बरा झाला. आपल्या रक्तात या परजीवीला मारणारं एक प्रथिन असतं, ते त्याच्या रक्तात कामच करत नव्हतं. पुढं व्हिएतनाममध्ये हे प्रथिन शाबूत असलेल्या एका बाईलाही लागण झाली. म्हणजे अशक्य नाही, पण फारच विरळ.

आता दूध. कच्च्या दुधाची भीती घालायचीच तर ब्रुसेलोसिसची (जनावरांकडून माणसाला येणाऱ्या तापाची) घाला, क्षयाची घाला. दूध उकळलं की तीही गेली. (तालमीतली पोरं माझ्यावर रुसणार, रुसू देत.)

सर्रा पसरवते घोडमाशी. तिचा चावा झोंबतो, म्हस शेपूट हाणते, माशी अर्ध्या पोटी उठते आणि शेजारणीवर बसते. सोंडेला पहिलीचं ओलं रक्त असतंच. परजीवी माशीच्या पोटात वाढत वगैरे नाही; माशी म्हणजे नुसती उडती सुई. आणि खऱ्या सुईचं काय? आमच्याच गोठ्यात एकदा सात म्हशी एका सुईनं टोचलेल्या मी पाहिल्यात, मधे फक्त पँटला पुसून. मेसेजमध्ये याबद्दल चकार शब्द नाही.

धूर वाईट नाही, पण घोडमाशी दिवसाची, उन्हाची. ओढ्याकाठच्या चिखलात वाढते. संध्याकाळच्या धुरानं फार तर डास पळतील.

गोचिडाच्या आयव्हरमेक्टिननं सर्राचा परजीवी मरत नाही, त्याची औषधं वेगळी. म्हस गोल फिरायला लागली, गव्हाणीला डोकं दाबून उभी राहिली, ताप चढ-उतार करू लागला, तर डॉक्टरांना बोलवा आणि ताप चढलेला असतानाच काचपट्टीवर रक्त घ्यायला सांगा. ताप उतरल्यावर परजीवी रक्तात सहज दिसत नाही आणि रोग असूनही रिपोर्ट ‘काही नाही’ असा येतो.