५५०० आणि ५६०० सारखे नाहीत

'रायझन ५ ५५०० आणि ५६००, दोन्ही ६ कोर १२ थ्रेडचे, मग स्वस्त तो घ्या' हा गेमिंग पीसी जुळवण्यावरच्या लेखातला, एएमडीच्या दोन प्रोसेसरांबद्दलचा सल्ला गेमिंगसाठी पटत नाही. ५५०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६०० मध्ये ३२. शिवाय ग्राफिक्स कार्डाकडे डेटा नेणारी वाट, म्हणजे पीसीआयई, ५५०० वर जुन्या, हळू ३.० वरच थांबते, मदरबोर्ड ४.० चालवणारा बी५५० असला तरी. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० ही दोन्ही ग्राफिक्स कार्डं या वाटेच्या फक्त ८ लेन वापरतात. कार्डाची स्वतःची ८ जीबी मेमरी (व्हीरॅम) भरली की उरलेला डेटा त्याच अरुंद वाटेने रॅममधून येतो आणि गेम अडखळतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीक दिसतो, झटके मात्र जाणवतात.

दोन कार्डांत वीज ४०६० ला ११५, ७६०० ला १६५ वॅट. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा बंद कॅबिनेटमध्ये हा फरक पंख्याच्या आवाजातच कळतो. पुढे जाळी असलेलं कॅबिनेट घ्या, काचेचं नको, दुकानदार कितीही दिवे लावून दाखवो!

रॅम ८-८ च्या दोन काड्या, प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रॅमला पूर्ण वेग देणारं एक्सएमपी चालू करायला विसरलात तर ३२०० वेगाची रॅम २१३३ किंवा २४०० वर रांगत राहील. आणि एचडीएमआय केबल ग्राफिक्स कार्डालाच. या दोन्ही प्रोसेसरांत अंगचं ग्राफिक्स नाही, मदरबोर्डला जोडलीत तर स्क्रीन काळीच.