म्हणे, समुद्रात कसला आलाय वारसा!

ऑस्ट्रेलियातल्या सागरी उद्यानांबद्दल एक मजकूर मराठी ग्रुपांवर फिरतोय. त्याचा सारांश असा: अबोरिजिनल (तिथल्या मूळनिवासी) लोकांचा वारसा गुहांत आणि खडकांवर आहे, समुद्र सगळ्यांचा आहे, तिथं त्यांना वेगळे हक्क देणं म्हणजे डुगाँगची, म्हणजे समुद्रगायींची, कत्तल.

पहिला मुद्दा घेऊ. आजचा समुद्रतळ कायम समुद्रतळ नव्हता. वीस हजार वर्षांपूर्वी पाणी आजच्यापेक्षा सुमारे १३० मीटर खाली होतं, आणि आता बुडालेल्या किनारपट्टीवर माणसं राहत होती. याचा पुरावा २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियात मुरुजुगाच्या किनाऱ्यालगत, केप ब्रुगिएरपाशी, पाणबुड्या संशोधकांना पाण्याखाली २६९ दगडी अवजारं सापडली, किमान ७,००० वर्षांपूर्वीची. जवळच्याच एका खाडीत, १४ मीटर खोल, गोड्या पाण्याच्या बुडालेल्या झऱ्यापाशी आणखी एक मिळालं. ते तर किमान ८,५०० वर्षांपूर्वीचं. कुणीतरी तिथं पाणी प्यायला थांबलं असणार! गंमत पुढेच आहे. २०१८ च्या केंद्रीय कायद्यानुसार बुडून ७५ वर्षं झालेल्या जहाजाला आपोआप संरक्षण मिळतं. या अवजारांसाठी मात्र मंत्र्यांनी तशी घोषणा करावी लागते. मग झुकतं माप नेमकं कुणाला?

‘समुद्र सगळ्यांचा’ हे ऐकायला छान वाटतं. १९९६ मध्ये उत्तर ऑस्ट्रेलियात आर्नहेम लँडमधल्या योल्ङू या अबोरिजिनल लोकांना आपल्या पवित्र जागी बेकायदा मासेमारीचा तळ आणि मगरीचं कापलेलं मुंडकं सापडलं. मगर त्यांची पूर्वज. भांडत बसण्याऐवजी त्यांनी झाडांच्या सालींवर ८० चित्रं काढून आपल्या समुद्राचे नियम बाहेरच्यांना दाखवले. ब्लू मड बे खटल्यात २००८ मध्ये हायकोर्टानं (ऑस्ट्रेलियात हेच सर्वोच्च न्यायालय) मान्य केलं, की तिथल्या अबोरिजिनल जमिनीलगत भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या पाण्यात शिरायलाही मालकांची परवानगी लागते. ते उद्यान नव्हे, हे खरं. पण पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किम्बर्लीत २०२२ मध्ये झालेली मायाला आणि बार्डी जावी गार्रा ही सागरी उद्यानं सरकार आणि तिथले मूळ मालक मिळूनच चालवतात.

राहिला डुगाँग. अबोरिजिनल लोकांचे परंपरागत हक्क मान्य करणाऱ्या १९९३ च्या नेटिव्ह टायटल कायद्याचं कलम २११ त्यांना घरच्या आणि समाजाच्या गरजेपुरती शिकार करू देतं, धंद्यासाठी नाही. ग्रेट बॅरियर रीफवर तर गिरिंगुन या अबोरिजिनल संघटनेच्या लोकांनी २००५ मध्ये करार करून स्वतःच स्वतःच्या शिकारीवर मर्यादा घातल्या. शार्कपासून पोहणाऱ्यांना वाचवायला क्वीन्सलँड सरकारनं लावलेल्या जाळ्यांत शेकडो डुगाँग मेले, त्याबद्दल त्या मजकुरात चकार शब्द नाही.