हुमले ठेवायचे की जाळायचे?

दिवाळी उलटली, काजूला नवी पालवी फुटली की आमच्या कट्ट्यावर बाबलचं गाऱ्हाणं ठरलेलं. यंदाचं हुमल्यांचं, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांचं, होतं. कलमांवर हुमल्यांनी पानं चिकटवून नारळाएवढाली घरटी केली आहेत, बेणणीला, म्हणजे झाडाखालचं रान साफ करायला, गेलेले गडी अंग झाडत परत येतात. बाबलचा बेत असा की काठीला चिंधी बांधायची, रॉकेलात बुडवायची आणि एकेक घरटं पेटवत जायचं.

"जाळून टाकूचे, दुसरा काय?"

"आणि मगे ढेकण्या कोण खातलो, तुझो काको?" दाजींनी विचारलं. ढेकण्या म्हणजे काजूचा रस शोषणारा किडा.

आमचा कट्टा म्हणजे वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका वळणाचा पार आणि त्याला टेकून वैनीची चहाची टपरी. दाजी एस्टीतून निवृत्त, मास्तर हायस्कुलातून, पिंट्या कृषी पदविकेला, बाबल बागायतदार आणि मी नुसता ऐकणारा. एरवी चर्चा मासळीचे भाव आणि निवडणूक यापलीकडे जात नाही. त्या संध्याकाळी मात्र मुंग्यांनी दीड तास खाल्ला.

मास्तरांचं म्हणणं, जाळून उपयोगच नाही. हुमल्यांची वसाहत म्हणजे एक घरटं नव्हे. एकाच राणीची प्रजा दहा-बारा झाडांवर पसरलेली असते, घरटी शंभराच्या वर जाऊ शकतात आणि कामकरी मुंग्या पाच लाखांपर्यंत. राणी त्यातल्या एकाच घरट्यात बसलेली, बहुतेक उंच शेंड्याकडे. "तू हाताला येतील ती खालची चार जाळणार. बाकीच्या पुन्हा शिवायला बसतील. वर कलमाची पालवी होरपळेल ती वेगळीच."

"शिवतले म्हणजे? सुई-दोरो खयसून हाडतत?" वैनीने किटली खाली ठेवून विचारलं.

त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न हा. मास्तरांनी तो चवीने घेतला. आधी काही मुंग्या पानाची कड जबड्यात धरून दुसऱ्या पानाकडे ओढतात. अंतर जास्त असेल तर एकीची कंबर दुसरीने धरायची, तिची तिसरीने, अशी साखळी करतात आणि सगळ्या मिळून मागे सरकतात. दोन कडा जवळ आल्या की दुसरी टोळी घरट्यातल्या अळ्या तोंडात धरून आणते. अळीचं तोंड या कडेला टेकवायचं, मग त्या कडेला, पुन्हा या. अळीच्या तोंडातून रेशीम सुटतं आणि पानं शिवली जातात. मागावरचा धोटा जसा या काठापासून त्या काठापर्यंत फिरतो तशी ती अळी फिरवली जाते. मोठ्या मुंगीला रेशीम काढताच येत नाही. घरटं शिवायचं तर घरात पोरं हवीतच.

"म्हणजे बालमजुरी," पिंट्या म्हणाला.

"आहेच. इतर कितीतरी मुंग्यांच्या अळ्या त्या रेशमाचा स्वतःभोवती कोष करतात. हुमल्यांच्या अळ्यांचं रेशीम घराला जातं, त्या स्वतः कोषाविना उघड्याच राहतात."

"एवढी कारागिरी केल्यानी म्हणून मी चावान घेव काय?" बाबल पेटला होता.

त्याचंही चुकत नव्हतं. हुमल्याला नांगी नसते, पण तो आधी जबड्याने कातडी फोडतो आणि मग पोट वाकवून त्या जखमेवर फॉर्मिक आम्ल मारतो. एक चावला तर सोसता येतं. गड्याच्या मानेवर, काखेत, लुंगीत पन्नास उतरले की तो त्या कलमाकडे पुन्हा फिरकत नाही. दाजी म्हणाले, हातापायांना राख चोळून चढायचं, भुकटीवर त्यांचे पाय ठरत नाहीत. बाबलने विचारलं, आजकालचा कुठला गडी राख फासून झाडावर चढणार? ते दाजींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

"राणीक मारला तर?" वैनीने पुन्हा मुद्द्यावर आणलं.

राणी गेली की वसाहत हळूहळू संपते, कारण अंडी घालणारी तीच. हुकूम मात्र ती कुणालाच सोडत नाही. अन्न कुठे आहे, कुणी जायचं, घरटं कुठे शिवायचं, यातलं काहीच तिच्या हातात नाही. प्रत्येक मुंगी आपल्या शेजारणींचा वास घेते, त्यावरून करायचं ते करते आणि त्यातूनच कारभार चालतो. राणी म्हणजे आयुष्यभर बाळंतीण. उड्डाणाच्या वेळी नरांशी जुळलेली, पंख टाकून बसलेली, आणि त्या वेळचं वीर्य पोटातल्या पिशवीत साठवून वर्षानुवर्षं अंडी घालणारी. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी पाळलेल्या स्थितीत २८ वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. कामकरी मुंगीच्या नशिबी काही महिने, फार तर दोन-तीन वर्षं.

आणि कामकरी सगळ्या बायका. चावणाऱ्या, शिवणाऱ्या, लढणाऱ्या, सगळ्या. नर फलन न झालेल्या अंड्यातून येतो, उड्डाणापुरता जगतो आणि मरतो.

"माका वाटलाच होता," वैनी एवढंच म्हणाली आणि दाजींचा रिकामा कप उचलून नेला.

यानंतर गाडी थोडी भरकटली. दाजींनी मुंगीच्या कष्टाळूपणावर बोलायला सुरुवात केली, आजकालच्या पोरांनी काय शिकावं वगैरे. पिंट्याने मध्येच मोबाईल वर केला. अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात संशोधकांनी लहानशा मुंग्यांच्या वसाहतींमधल्या प्रत्येक मुंगीवर रंगाचे ठिपके देऊन नजर ठेवली. साधारण चाळीस टक्के कामकरी मुंग्या बहुतेक वेळ काहीच करत नव्हत्या. कामसू मुंग्या उचलून बाजूला केल्या तेव्हा या बसलेल्यांतल्या काही उठून कामाला लागल्या. आळशी मुंग्या काढून घेतल्या तर त्यांची जागा मात्र कुणी भरली नाही.

"मगे मी हय बसतंय ता राखीव दलात," दाजींनी ताबडतोब बाजू बदलली.

झोपेचंही निघालं. लाल आगमुंगीच्या कामकरणी दिवसभरात अडीचशेच्या आसपास डुलक्या काढतात, एकेक जेमतेम मिनिटभराची, आणि राणीच्या डुलक्या त्याहून लांब. दाजींना हेही आवडलं.

माझं मत विचाराल तर मुंगीला आदर्श करणं मला कधी पटलेलं नाही. १९५८ साली एडवर्ड विल्सन या शास्त्रज्ञाने मेलेल्या मुंगीतून सुटणारं ओलेइक आम्ल जिवंत मुंग्यांना लावून पाहिलं. बाकीच्यांनी त्या तडफडणाऱ्या, पाय झाडणाऱ्या मुंग्यांना उचलून वसाहतीच्या उकिरड्यावर टाकलं. परत आल्या की पुन्हा टाकलं. अंग स्वच्छ करून वास जाईपर्यंत त्या घरच्यांच्या लेखी मेलेल्याच. वास म्हणतो मेली, तर मेली. यातून पोरांनी काय शिकायचं?

वैनीची खरी अडचण हुमल्यांची नव्हती, साखरेच्या डब्याची होती. डबा कुठेही ठेवा, सकाळी रांग हजर. मास्तर म्हणाले, रांग काही सगळ्यांना साखर दिसली म्हणून लागत नाही. एखादीच भटकत येते, तिला कण सापडतो, आणि परत जाताना ती पोट टेकवत वासाची रेघ ओढत जाते. मागची त्या रेघेवरून येते, तीही ओढते, रेघ दाट होते. साखर संपली की रेघ ओढणं बंद, वास उडून जातो. म्हणून रांगेतल्या मुंग्या चिरडत बसण्यात अर्थ नाही. साबणाच्या फडक्याने ती वाट पुसून काढायची आणि पहिलीला सापडलेला कण शोधायचा.

"आणि खडू?" विषारी खडूने मुंग्या मरतात, पण ज्या फळीवर चहा-साखर आहे तिथे तो नकोच, असं पिंट्या आणि मास्तर दोघंही एका सुरात म्हणाले. हे दोघं एकमताने बोलल्याचं कट्ट्यावर पहिल्यांदाच घडलं असावं. मुळापासून घालवायच्या असतील तर साखरपाण्यात बोरॅक्स, तेही अगदी थोडं, शेकडा एकच्या आसपास. जास्त घातलं तर मुंगी वाटेतच मरते. हळूहळू भिनलं पाहिजे, म्हणजे ती ते पोटात घेऊन घरी जाते आणि तोंडातोंडी राणीपर्यंत पोचवते. पोरं आणि मांजर पोचणार नाहीत अशा जागी ठेवायचं. वैनीने हे सगळं ऐकलं आणि आपली जुनी पद्धतच बरी म्हणाली. परातीत पाणी, पाण्यात डबा.

दाजींनी हळू आवाजात विचारलं, न्हाणीत मोरीपाशी मुंग्या येतात त्याचं काय? मास्तरांनी थट्टा केली नाही. चरकसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेहासारख्या विकाराच्या, पूर्वलक्षणांमध्ये लघवीकडे मुंग्या येणं सांगितलेलं आहे, म्हणाले, तेव्हा उद्या उपाशीपोटी रक्त तपासून घ्या. दाजी त्यानंतर बराच वेळ गप्प होते आणि पुढचा चहा बिनसाखरेचा मागवला.

तेवढ्यात बाबलने पुन्हा रॉकेलचा विषय काढला आणि खरं भांडण जुंपलं.

काजूवरचा ढेकण्या कोवळ्या पालवीतला, मोहरातला रस शोषतो. पालवी काळी पडते, मोहर करपतो, बी धरत नाही. त्यासाठीच तर फवारण्यांवर बाबलचे पैसे जातात. हुमले दिवसभर पालवीवर आणि मोहरावर गस्त घालतात, ढेकण्या दिसला की धरतात किंवा हुसकून लावतात. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला काजूच्या बागांत याच जातीच्या हुमल्यांवर कित्येक वर्षं काम झालं आहे. जिथे ते भरपूर होते तिथे तिकडच्या ढेकण्याचा त्रास कमी राहिला. ही युक्ती काही नवी नाही. चीनमध्ये सन ३०४च्या सुमाराच्या एका ग्रंथात संत्र्या-लिंबांच्या बागांसाठी बाजारात हुमल्यांची घरटी विकत मिळत असल्याचं लिहिलेलं आहे. तिथले बागायतदार झाडाझाडांमध्ये बांबूच्या पट्ट्या टाकून त्यांना पूल करून देत.

"इकत?" बाबल हसला. "माझ्याकडली फुकट न्या म्हणा. घरपोच देतंय."

पण बाबल आंबा-काजूत म्हातारा झालेला माणूस, नुसत्या गोष्टींनी ऐकणारा नव्हे. त्याचा मुद्दा वजनदार होता. हुमले गोडाला सोकावलेले असतात. पिठ्या ढेकूण झाडाचा रस पितो आणि मागून गोड चिकटा सोडतो. हुमले तो चिकटा चाटतात आणि बदल्यात पिठ्याची राखण करतात, त्याला खाणाऱ्या किड्यांना जवळ येऊ देत नाहीत. चिकट्यावर काजळी चढते, आंबा काळा पडतो. काळा आंबा पेटीत जात नाही. "ढेकण्या गेलो आणि पिठ्यो इलो, तर माका काय फायदो?"

यावर मास्तरांकडे सरळ उत्तर नव्हतं आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. काजू आणि हापूस यांचा हिशेब वेगळा, एवढं ते म्हणाले. काजूची बी खाली पडली की वेचायची, झाडावर चढायचं नाही, डाग पडला तरी आतल्या गराला काही होत नाही. हापूस झेल्याने का होईना झाडावरून काढायचा असतो आणि त्याचा भाव सालीवर ठरतो. मला विचाराल तर त्या संध्याकाळचं सगळ्यात कामाचं वाक्य हेच होतं.

पिंट्याने मग आराखडाच मांडला. खालच्या अंगाच्या काजूत हुमले ठेवायचे, तिथे फवारणी अजिबात नाही, नाहीतर ढेकण्याआधी हुमलेच मरतील. कलमा-कलमांत सुंभ बांधून वाटा करायच्या. मात्र दोन वेगळ्या वसाहतींची झाडं सुंभाने जोडायची नाहीत. एकमेकींची गाठ पडली की त्या मरेपर्यंत लढतात आणि ढेकण्या बाजूला बसून मोहर खातो. एका वसाहतीची झाडं कुठे संपतात ते कसं ओळखायचं? दोन झाडांवरचे थोडे हुमले एका काठीवर सोडायचे. भांडले तर परके. आंब्याच्या बाजूला काजूच्या फांद्या टेकतात त्या छाटायच्या.

"आणि वरच्या काजूत?"

"वर तुमची नेहमीची फवारणी. मी दर पंधरवड्याला दोन्हीकडच्या काळ्या पडलेल्या पालव्या मोजतो. फेब्रुवारीत बघू."

बाबल बराच वेळ पाराच्या दगडावर नखाने रेघा मारत होता. मग म्हणाला, ठीक, पण गडी चावून घेणार नाहीत, खालची बेणणी पिंट्यानेच करायची. पिंट्या अडकला. दाजींनी लगेच पैज लावली. खाली बी जास्त मिळाली तर बाबलने हापूसची एक पेटी द्यायची, नाही मिळाली तर दाजी सगळ्यांना मोरी माशाचा मसाला जेवायला घालतील.

"हापूस नाय," बाबल म्हणाला. "रायवळ."