गुप्त ग्राहकाचा जाहीर हिशेब

आठवडाभर ऑफिसात मान मोडायची आणि शनिवारी दुपारी दुसऱ्याच्या पैशानं बर्गर खाऊन वर त्याचेच चार पैसे घ्यायचे, हा बेत तुम्ही तडीस नेलात, याबद्दल आधी अभिनंदन. मिस्ट्री शॉपर झालात, म्हणजे दुकानांची सेवा तपासणाऱ्या कंपनीचं गुप्त गिऱ्हाईक. साधं गिऱ्हाईक बनून दुकानात शिरायचं, काउंटरवरच्या पोरानं किती सेकंदांत ‘वेलकम’ म्हटलं ते मनातल्या मनात मोजायचं, मोठा कोक घ्या म्हणून गळ घातली का ते बघायचं, स्वच्छतागृहात साबण आहे का त्याची खातरजमा करायची आणि रात्री घरी बसून शाळेच्या प्रश्नपत्रिकेपेक्षा लांब फॉर्म भरायचा. पेट्रोल पंपावर गेलात तर पोऱ्यानं ‘झिरो बघा’ म्हटलं का, हेही लिहायचं. एका फेरीची थोडीफार फी, शिवाय खाल्ल्याप्यायल्याचं बिल ठरलेल्या मर्यादेपर्यंत परत.

काम गुप्त, तेव्हा त्याचं उत्पन्नही गुप्तच असणार, असं तुम्ही मनाशी धरून चालला असाल. उत्तम. पुढचा सगळा सल्ला याच पायावर उभा आहे.

पहिला खर्च पहिल्या उत्पन्नाच्या आधीच करून टाका. टेलिग्रामवर कुणी अनोळखी मॅडम ‘घरबसल्या मिस्ट्री शॉपर व्हा’ म्हणतील आणि नोंदणीचे दोन हजार मागतील. लगेच भरा. खऱ्या कंपन्या शॉपरकडून पैसे घेत नाहीत, उलट देतात, त्यामुळे असा खर्च करण्याची संधी तिथं मिळायची नाही. इथं मात्र नुसता खर्च, उत्पन्न कधीच नाही, आणि उत्पन्न नाही तिथं कर कुठला? इतकं निर्मळ करनियोजन भल्याभल्या उद्योगपतींना साधलेलं नाही.

आता खऱ्या असाइनमेंटकडे वळू. प्राप्तिकर कायद्याच्या कलम 37 ची अट अशी, की खर्च सर्वस्वी धंद्यासाठी झालेला हवा, घरचा नको. इथं घाबरायचं कारण नाही. ब्रीफमध्ये, म्हणजे कंपनीच्या सूचनापत्रात, दोन माणसांच्या आठशे रुपयांपर्यंतच्या जेवणाचे पैसे परत मिळतील असं लिहिलंय. तुम्ही सौ., दोन मुलं आणि सासूबाई असा ताफा घेऊन गेलात आणि बिल तेवीसशे झालं. वरचे पंधराशे कुणाचे? अर्थात धंद्याचे. एकटाच माणूस टेबलावर बसून सारखा घड्याळाकडे बघू लागला की मॅनेजरला वास येतो. सासूबाईंनी पनीर टिक्क्यात मीठ कमी असल्याचं वेटरला सुनावलं की तुमच्यावर संशय घेण्याची कुणाची छाती होणार नाही. तेव्हा सासूबाई म्हणजे वेषांतराचं साहित्य. त्यांचा पनीर टिक्का ‘व्यवसाय विकास’ या शीर्षकाखाली दाखवा. अधिकाऱ्यालाही सासू असेल, तो समजून घेईल.

याहून सुरेख युक्ती म्हणजे एकाच बिलाचा दोनदा उपयोग. कंपनीनं जेवणाचे आठशे परत दिले, ते विसरा. तुम्ही जेवणावर केलेले आठशे मात्र लक्षात ठेवा आणि फीमधून वजा करा. सरळमार्गी लोक परत मिळालेली रक्कम एका बाजूला जमेत धरतात, तेवढाच खर्च दुसऱ्या बाजूला टाकतात आणि शून्यावर येऊन थांबतात. शून्यासाठी कशाला कुणी हिशेब लिहावा? तुमच्या पद्धतीत एकच बर्गर दोनदा पचतो.

एक बारीक अडचण सांगून ठेवतो. 1 जुलै 2022 पासून 194आर नावाचं कलम आलं. धंद्यानिमित्त कुणाला वर्षात 20,000 रुपयांहून जास्तीचा लाभ दिला, तर देणाऱ्यानं 10 टक्के करकपात करायची. त्यावरच्या परिपत्रकात परत दिलेल्या खर्चाचाही विचार आहे: बिल कंपनीच्या नावावर असेल तर चिंता नाही, पण तुमच्या नावावर असेल आणि कंपनीनं नंतर पैसे भरून दिले तर तो तुम्हाला झालेला लाभ ठरू शकतो. आता कल्पना करा. काउंटरवर उभं राहून तुम्ही म्हणताय, ‘भाऊ, बिल अमुक-तमुक मिस्ट्री ऑडिट कंपनीच्या नावानं कर, जीएसटी नंबर लिहून घे.’ सगळा स्टाफ एका क्षणात सावध उभा, मॅनेजर स्वतः टेबल पुसतोय, आणि तुमच्या रिपोर्टात दहापैकी दहा गुण. दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी हा नियम लिहिताना हेरगिरीचा विचार केला नव्हता, हे माफ करून टाका. जाणत्या कंपन्या फी आणि खर्च एकाच बिलात घालून त्या सगळ्यावर नेहमीचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घ्यायचा कर, कापतात नि मोकळ्या होतात. तुम्ही विचारू नका. प्रश्न विचारणाऱ्या शॉपरला पुढची असाइनमेंट मिळेलच असं नाही.

कपड्यांच्या दुकानातलं काम घेतलंत तर आणखी मजा. शर्ट घ्यायचा, दुसऱ्या दिवशी परत करायचा आणि माल परत घेताना दुकानवाले कसे वागतात ते लिहायचं. दुकान रोख पैसे देत नाही, क्रेडिट नोट देतं. कंपनी म्हणते, शर्ट तर परत केलात, आता पैसे कशाचे? मग त्या नोटेवर सौ. एक कुर्ता घेतात. धंद्याचं येणं घरात आलं. सीए लोक याला ‘ड्रॉइंग्ज’ म्हणतात, घरी याला ‘बरं झालं’ म्हणतात.

प्रवास. कोथरूडहून विमाननगरच्या मॉलला जायचं म्हणजे अख्खं पुणं आडवं कापायचं. येण्याजाण्याचं पेट्रोल, पार्किंग आणि वाटेतला चहा धरला तर फीमधलं काय उरतं हा हिशेब करू नका, मन खट्टू होतं. तारीख, ठिकाण, किलोमीटर अशी वही ठेवली तर हा खर्च खराखुरा आणि दाखवण्याजोगा असतो, म्हणूनच तो कुणी लिहीत नाही. खोट्याला कल्पकता लागते, खऱ्याला नुसती वही. तुमच्यासारख्या प्रतिभावंतानं वहीच्या मागं का लागावं?

त्यापेक्षा फोन घ्या. जुन्या फोनवर काढलेला बिलाचा फोटो धूसर आला आणि रिपोर्ट नाकारला गेला, एवढं निमित्त पुरे. ऐंशी हजारांचा फोन म्हणजे आता धंद्याचं यंत्र. कायदा कद्रू आहे, पूर्ण किंमत एका वर्षात वजा करू देत नाही. वर्षाला 15 टक्के घसारा, म्हणजे वस्तू झिजते म्हणून मिळणारी वजावट, वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर त्याच्या निम्मा, आणि त्यातही धंद्याच्या वापराचाच हिस्सा. तुमच्या फोनवर बर्गरचे फोटो मोजके आणि भाच्याच्या बारशाचे व्हिडिओ शेकड्यांनी, हे प्रमाण कुणाला दाखवू नका. साडेसात टक्क्यांतला एक तुकडा वाचवण्यासाठी ऐंशी हजार खर्च करणारा माणूस देशाच्या अर्थव्यवस्थेचा कणा असतो.

बिलांचं म्हणाल तर ती थर्मल कागदावर येतात, हे देवाचं देणं. पँटच्या खिशात विसरलात तर धुवून निघतात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलीत तर उन्हानं काळी पडतात, आणि फाइलमध्ये जपून ठेवलीत तर वर्षा-दोन वर्षांत कोरी होतात. सीए सांगतो, कागदपत्रं सहा वर्षं सांभाळा. सांभाळा की. सहा वर्षांनी सगळे पांढरे चिटोरे साहेबांसमोर मांडून म्हणा, यातलं तुम्हाला हवं ते बिल निवडा. बिल हातात आल्या आल्या त्याचा फोटो काढून तारखेनं ठेवून देणारे लोकही असतात; त्यांच्या आयुष्यात रहस्य म्हणून काही उरत नाही.

पॅन मागितला तर देऊ नका. गुप्तहेर ओळखपत्र दाखवत हिंडतो का? पॅन नसेल तर 10 ऐवजी 20 टक्के टीडीएस कापतात आणि कापलेली रक्कम तुमच्या नावावर कुठंच दिसत नाही. एवढी अभेद्य गुप्तता दामदुप्पट दिल्याशिवाय मिळते थोडीच?

आता खऱ्या आनंदाची गोष्ट. आर्थिक वर्ष 2025-26 पासून नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य. पगारदाराला 75,000 ची प्रमाणित वजावट, म्हणजे पगार पावणेतेरा लाख असला तरी शून्यच. समजा तुमचा पगार नेमका 12,75,000 आहे. इथं घरी बसणारा माणूस सुखी. पण तुम्ही हरहुन्नरी. खर्च वगैरे न लिहिता शॉपिंगचे 40,000 कमावलेत. करपात्र उत्पन्न झालं 12,40,000. टप्प्यांप्रमाणे त्यावर कर 66,000. सरकार मायाळू, सीमांत सवलत देतं: 12 लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्यापेक्षा कर जास्त घ्यायचा नाही. म्हणजे 40,000. त्यावर 4 टक्के उपकर, 1,600. एकूण 41,600.

पुन्हा वाचा. कमाई चाळीस हजार, कर एक्केचाळीस हजार सहाशे. वर्षभर तुम्ही सरकारतर्फे बर्गर खाल्लेत आणि पदरचे सोळाशे घालून त्याची पोच दिलीत. या पट्ट्यात प्रत्येक खऱ्या खर्चाच्या रुपयामागे एक रुपया चार पैसे वाचतात, म्हणजे त्या विमाननगरच्या पेट्रोलची वही असती तर तिची किंमत आज कळली असती. पण तुमच्याकडे वही नाही, सासूबाईंचा पनीर टिक्का आहे. त्यातून देय कर 10,000 च्या वर गेला, म्हणजे आगाऊ कराचे हप्ते भरायला हवे होते. ते न भरल्याचं व्याजही तुमचंच. ऑफिसला या जोडउत्पन्नाची माहिती दिली असती तर त्यांनी पगारातून कर कापून घेतला असता, पण मग एचआरनं ‘आमच्या नोकरीच्या करारात अमुक कलम आहे’ अशी मेल पाठवली असती. तेव्हा व्याज स्वस्त.

विवरणपत्र भरताना आयटीआर-1 निवडा. नावच ‘सहज’. त्यात धंद्याच्या उत्पन्नाला जागा नाही. जागा नाही म्हणजे विचारलेलं नाही, विचारलेलं नाही म्हणजे सांगायचं नाही. आयटीआर-3 किंवा 4 भरणारे लोक उगाच रकाने भरत बसतात, आणि धंद्याचं उत्पन्न दाखवलं की जुनी की नवी करप्रणाली हे दरवर्षी आलटूनपालटून निवडायची पगारदाराची चैनही जाते. चार बर्गर खाऊन उद्योजक झाल्याचा मान मिळतो, पण इतक्या किमतीला तो कोण घेतो?

एखाद्या कंपनीकडून वर्षात 50,000 च्या वर फी मिळाली असेल, तर तिनं 194जे खाली 10 टक्के कापले असतील. समजा 52,000 वर 5,200. ते विवरणपत्रात न चुकता परत मागा. ज्या 52,000 मधून ते कापले, ते मात्र दाखवू नका. घर आपलं नाही म्हणायचं आणि घराची किल्ली हक्कानं मागायची, असा हा बाणेदारपणा आहे. प्राप्तिकर खातं त्यावर सदोष विवरणपत्राची नोटीस पाठवतं. कलमांचे आकडे पाठ करण्यात वेळ दवडू नका. 1 एप्रिल 2026 पासून 1961 चा कायदा जाऊन 2025 चा लागू झाला आणि क्रमांक बदलले. 2025-26 च्या हिशेबाला जुनेच आकडे लागतात, पुढच्या वर्षापासून नवे. सीएदेखील अजून जुनेच बोलतात आणि मग जीभ चावतात.

सगळं पाठवून झालं की पोर्टलवर सहज म्हणून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उघडा. तिथं तुमचा पगार, बचत खात्याचं व्याज, मागच्या दिवाळीत मोडलेल्या मुदत ठेवीचं व्याज असं सगळं ओळीनं मांडलेलं असतं, आणि त्यांच्या खाली मिस्ट्री शॉपिंगच्या कंपनीचं पूर्ण नाव, तिमाही आणि रक्कम. काउंटरवरच्या पोरानं तुम्हाला ओळखलं नाही, मॅनेजरनं ओळखलं नाही, शेजारच्या टेबलावरच्या तुमच्या साहेबांनीही ओळखलं नाही. इथं मात्र फोटो सोडून सगळं आहे.

डगमगू नका. प्रत्येक ओळीसमोर अभिप्रायाची सोय असते. ‘ही माहिती माझी नाही’ असा पर्याय निवडा आणि बटण दाबा. खातं मग त्या कंपनीलाच विचारतं, की बाई, हे बरोबर आहे का? तुमची फी द्यायला ‘अकाउंट्सकडे पेंडिंग आहे’ म्हणत दोन-दोन महिने काढणारी ती कंपनी या प्रश्नाला ‘हो, बरोबर आहे’ असं उत्तर पहिल्या फटक्यात पाठवते.