खुली जागा कोणाची?

दर रविवारी सकाळी, म्हणजे गावाकडे दिवेलागणीची वेळ होत आलेली असते तेव्हा, माझे दादाशी फोनवर बोलणे होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा निकाल लागला, त्यानंतरच्या रविवारी त्याने ख्यालीखुशाली विचारण्याआधीच सुनावले, "काय गं, तुमच्या अमेरिकेला एक बाई निवडून आणणं काही जमेना! आपल्याकडे इंदिराबाई सहासष्ट सालीच पंतप्रधान झाल्या." फोन स्पीकरवर असावा, कारण मागे वहिनीही हसल्याचे ऐकू आले. हे वाक्य मला नवीन नव्हते, कारण मी स्वतः ते इथे वीस वर्षे वापरत आले आहे. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत भारतातल्या स्त्रियांविषयी कोणी जरा कणवेने बोलू लागले की मी हा हुकमाचा एक्का टाकत असे, आणि समोरचा गप्प होत असे. त्या रविवारी मात्र तो एक्का माझ्यावरच पडला आणि तो खरोखर किती किमतीचा आहे हे तपासून पाहावे असे पहिल्यांदा वाटले.

१९ जानेवारी १९६६ रोजी काँग्रेसच्या संसदीय पक्षात मतदान झाले, इंदिरा गांधींना ३५५ आणि मोरारजी देसाईंना १६९ मते पडली. म्हणजे त्या दिवशी मत दिले ते खासदारांनी. रायबरेलीतल्या किंवा रहिमतपुरातल्या मतदाराला कोणी विचारलेच नव्हते. पक्षातल्या ज्या मातब्बरांनी त्यांचे नाव पुढे केले, त्यांचा हिशेब ही बाई आपल्या मुठीत राहील असा होता, आणि राममनोहर लोहियांनी तर त्यांना 'गूंगी गुडिया' म्हणून हिणवले. स्त्रीच्या कर्तृत्वावर विश्वास म्हणून नव्हे, तर तिच्या दुबळेपणावर विश्वास म्हणून ते पद तिच्याकडे गेले, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही. पुढे १९७१ साली मात्र देशाने त्यांच्या नावावर मत दिले आणि लोकसभेच्या ३५२ जागा त्यांच्या पक्षाच्या पदरात टाकल्या. तेव्हा दादाचे म्हणणे खोटे नाही. फक्त सालात पाच वर्षांची चूक आहे. आणि तरीही त्यांचे कौतुक करायचे झाले की लोक काय म्हणत? मंत्रिमंडळातला एकमेव पुरुष.

अमेरिकेत हा आडवाटेचा प्रवेश सहसा मिळत नाही. इथे आधी पक्षाच्या प्राथमिक निवडणुकांत राज्याराज्यांतून फिरावे लागते आणि मग सगळ्या देशासमोर उभे राहावे लागते, त्यामुळे 'बाई चालेल का' हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर नव्याने विचारला जातो. गॅलप या संस्थेने तो १९३७ सालीच लोकांना विचारला होता, आणि त्याची शब्दरचना मोठी बोलकी होती : इतर सर्व बाबतींत पात्र असेल तर तुम्ही अध्यक्षपदासाठी स्त्रीला मत द्याल का? 'इतर सर्व बाबतींत' म्हणजे स्त्री असणे ही एक बाब अपात्रतेचीच, हे प्रश्न विचारणाऱ्याने आधीच गृहीत धरलेले. तेव्हा सुमारे ३३ टक्के लोकांनी होकार दिला. या शतकात हा आकडा नव्वदीच्या पुढे गेला आहे. तरीही आजवर या पदावर एकही स्त्री बसलेली नाही.

यातून अमेरिकन मतदार तोंडाने एक बोलतो आणि मत भलतेच देतो, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण मला तो पुरता पटत नाही. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना देशभरात प्रतिस्पर्ध्यापेक्षा सुमारे २८ लाख मते जास्त मिळाली होती, पण इथे अध्यक्ष देशभरच्या बेरजेवर नव्हे, तर राज्यवार निकालांवर ठरतो, आणि मिशिगन, विस्कॉन्सिन व आमचे पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत मिळून ऐंशी हजारांहून कमी मतांच्या फरकाने ती निवडणूक त्यांच्या हातून गेली. २०२४ साली कमला हॅरिस यांना २१ जुलैला बायडेन यांनी माघार घेतल्यावर जेमतेम साडेतीन महिने मिळाले, आणि त्यांच्या वाट्याला महागाईने चिडलेला मतदार आला. त्या स्त्री आहेत म्हणूनच हरल्या असे म्हणणे हे त्या मतदाराचे म्हणणे न ऐकण्यासारखे आहे. पण त्या स्त्री असल्याने काहीच बिघडले नाही असेही मी म्हणणार नाही, कारण मी काही दारांवर उभी राहिलेली आहे.

त्या ऑक्टोबरात मी शनिवारी-रविवारी प्रचाराला जात असे. एका दुपारी एका बैठ्या घराच्या ओसरीवर सत्तरीतले एक गृहस्थ भोपळा कोरत बसले होते. मांडीवर वर्तमानपत्र पसरलेले, त्यावर भोपळ्याचा गर आणि बिया. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली, पाणी विचारले, आणि अतिशय सभ्यपणे सांगितले की त्यांची स्वतःची काही हरकत नाही, त्यांच्या मुलीच्या हाताखाली चाळीस माणसे काम करतात, पण ते ज्या कारखान्यातून निवृत्त झाले तिथली माणसे काही बाईला मत देणार नाहीत, देश अजून तयार नाही. पुढच्याच गल्लीतल्या एका बाईंनी हेच आपल्या चर्चमधल्या मंडळींबद्दल सांगितले. आणि आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत, मोदकांच्या रांगेत, हेच वाक्य मराठीत ऐकलेले होते : "आपलं काही नाही हो, पण हे गोरे लोक देणार नाहीत." प्रत्येकाचे मन मोकळे आणि प्रत्येकाचा शेजारी मात्र कर्मठ, असे हे गणित होते. इतके कर्मठ शेजारी मग राहतात तरी कुठे, हे मला आजवर उमगलेले नाही.

हा उसना पूर्वग्रह खऱ्या पूर्वग्रहापेक्षा जास्त नुकसान करतो असे माझे मत आहे, कारण तो मतपेटीपर्यंत थांबत नाही. उमेदवार ठरतानाच काम करतो. २०२० साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी सहा स्त्रिया उतरल्या होत्या आणि त्या सगळ्या मोसमात 'आवडते, पण निवडून येईल का' हीच चर्चा चालली होती. ती ऐकताना मला सारखी आमच्या काकूंची आठवण येत होती.

पंचायतींत स्त्रियांसाठी पदे राखून ठेवणारी ७३वी घटनादुरुस्ती लागू झाल्यानंतर आमच्या गावचे सरपंचपद एकदा महिला पडले आणि काकू सरपंच झाल्या. पहिल्या वर्षी काका कचेरीत खुर्चीला खुर्ची लावून बसत, ठरावाचे कागद आधी त्यांच्याकडे जात आणि मग सहीपुरते काकूंकडे सरकत. दुसऱ्या वर्षी काकूंनी चष्मा करून घेतला आणि कागद वाचल्याशिवाय सही करणे बंद केले. पाच वर्षांत त्यांनी वरच्या आळीत नळ नेला, शाळेच्या दोन खोल्यांना पत्रा घातला, आणि ग्रामसेवकाला वेळेवर यायला लावले. हे शेवटचे काम सर्वांत अवघड होते असे त्या अजून सांगतात. पुढच्या खेपेला पद खुले झाले. काकूंनी पुन्हा उभे राहावे असे कोणाच्या मनातही आले नाही, त्यांच्या स्वतःच्याही नाही. "आता जागा ओपन पडली ना," काका म्हणाले, आणि विषय संपला. कायद्याने खुली जागा सगळ्यांची असते, बाईचीही. पण आमच्या गावच्या बोलीत 'ओपन'चा अर्थ 'पुरुषांची' असाच होता, आणि तो कोणी कधी उघड शब्दांत सांगितला नव्हता, इतका तो सर्वांना ठाऊक होता.

अमेरिकेचे अध्यक्षपद ही तशीच एक खुली जागा आहे. आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपदही. १ मे १९६० पासून आमच्या पुरोगामी राज्याला एकही स्त्री मुख्यमंत्री लाभलेली नाही, तर शेजारच्या छोट्या गोव्यात शशिकला काकोडकर १९७३ सालीच मुख्यमंत्री झाल्या, अर्थात वडिलांच्या, भाऊसाहेब बांदोडकरांच्या, निधनानंतर. महाराष्ट्रातल्या मतदाराला बाईचे वावडे आहे असेही नाही. १९७७ साली पाण्यासाठी लढणाऱ्या मृणाल गोरे मुंबईतून लोकसभेवर गेल्या आणि इंदिराबाई रायबरेलीत पडल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' हे वाक्य घरोघरी झाले होते. दोन्हीकडे बाईच होती आणि लोकांनी निवड कामावर केली होती. पण २०२४ च्या विधानसभेत २८८ आमदारांत स्त्रिया दहा टक्केही नाहीत. 'लाडकी बहीण' योजनेने निवडणूक फिरवली असे सगळ्यांनी म्हटले, आणि ५ डिसेंबरला आझाद मैदानावर शपथ घेणारे तिघेही भाऊ निघाले. तिकीट का नाही, असे विचारले की पक्ष सांगतात, निवडून येण्याची क्षमता पाहावी लागते. भोपळा कोरणाऱ्या गृहस्थांचेच हे वाक्य, फक्त सरकारी मराठीत.

अमेरिकेच्या दक्षिणेला लागून असलेल्या मेक्सिकोने २ जून २०२४ रोजी क्लाउडिया शेनबाउम यांना अध्यक्षपदी निवडून दिले, आणि त्यांची मुख्य प्रतिस्पर्धीही स्त्रीच होती. मेक्सिकोत स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताचा हक्क मिळाला तो १९५३ साली, अमेरिकेनंतर तेहतीस वर्षांनी, आणि पुरुषी तोऱ्यासाठी तो समाज इथे उगाच नव्हे, चांगलाच प्रसिद्ध आहे. तिथल्या पुरुषांचे मन एकाएकी पालटले असे मला वाटत नाही. तिथे २०१४ पासून संसदेच्या उमेदवारीत निम्म्या स्त्रिया देणे पक्षांवर घटनेनेच बंधनकारक केले, २०२१ साली कनिष्ठ सभागृहात ५०० पैकी बरोबर २५० स्त्रिया निवडून आल्या, आणि मग सर्वोच्च पदासाठी नावे शोधायची वेळ आली तेव्हा 'देश तयार आहे का' हे विचारायला कोणी उरले नव्हते.

भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभा आणि विधानसभांच्या एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखण्याची घटनादुरुस्ती संमत झाली, पण तिची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना यांच्या मागे बांधली गेली. तिच्या बाजूने मी इथल्या मित्रमंडळींशी भांडले आहे, कारण 'आम्हाला आरक्षण नको, गुणवत्ता हवी' असे म्हणणाऱ्या इथल्या लोकांना काकूंचा चष्मा दिसलेला नाही. मात्र राखीव जागेवरून खुल्या जागेवर जाण्याची वाट कोणता कायदा घालून देणार आहे, हा प्रश्न माझाही सुटलेला नाही.

मध्यंतरी दादाने बोलता बोलता सांगितले की गावच्या सरपंचपदाची सोडत निघाली. माझी भाची, त्याची मुलगी, शेतकी पदवी घेऊन गावातच रोपवाटिका चालवते आणि गेली तीन वर्षे पाणीपुरवठा समितीचे सगळे हिशेब तीच लिहिते. मी विचारले, ती उभी राहतेय का? "नाही गं," दादा म्हणाला, "या खेपेला ओपन पडलंय." मी काही बोलले नाही. फोनमध्ये बराच वेळ नुसता गावाकडचा आवाज येत राहिला, कुठेतरी पंप चालू होता. मग तो म्हणाला, "थांब, ती आत्ता येईल रोपवाटिकेवरनं. तूच विचार तिला."