तीन महिन्यांना एक दिवस कमी

आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात सरळ दोन तट पडले. निमित्त माझ्या पुण्यातल्या पुतणीचं. वय सत्तावीस, लग्नाला आठ महिने झालेले, हिंजवडीतल्या एका कंपनीत मुलाखतीच्या तिसऱ्या फेरीपर्यंत पोचलेली. तिथे एचआरच्या बाईंनी हसत हसत विचारलं, "मग, गुड न्यूजचं काय प्लॅनिंग?" पोरीने "एवढ्यात काही नाही" म्हणून वेळ मारून नेली आणि बाहेर येऊन ग्रुपवर लिहिलं, "असं विचारू शकतात का?"

दादाने, म्हणजे तिच्या वडिलांनीच, लिहिलं की विचारणारच, सहा महिने बसून पगार त्यांना द्यायचाय. काकांचं म्हणणं, पैसा मालकाचा, मर्जी मालकाची. वहिनी तडकली, "मग जावयाला का नाही विचारलं कोणी? पोर काय एकटीला होणारे?" शेवटी सगळ्यांनी मला पुढे केलं. मी अठरा वर्षं इंग्लंडात आहे आणि इंग्लंडात प्रत्येक गोष्टीला कायदा असतो, असा आमच्या घरात समज आहे.

काकांचं ते मर्जीचं वाक्य वाचून मला २०२४ चा मे महिना आठवला. गिरगावातल्या एका नोकरीसाठी, ग्राफिक डिझायनरच्या, लिंक्डइनवर जाहिरात आली होती आणि तिच्यात मराठी माणसांनी येऊ नये असं चक्क लिहिलं होतं. गिरगावात! तेव्हा ग्रुपवर एकच तट होता आणि काका त्याचे सेनापती. मालकाच्या मर्जीची आठवण त्या दिवशी त्यांना झाली नाही. जाहिरात टाकणाऱ्या बाईंनी माफी मागितली, प्रकरण थंड झालं. मी विचारलं होतं, यात मोडला तो नेमका कुठला कायदा? त्यावर एक अंगठा आणि दोन झेंडे, एवढंच उत्तर आलं.

उत्तर अवघड नाही, अडचणीचं आहे. घटनेचं सोळावं कलम धर्म, जात, लिंग, जन्मस्थान, निवास यांवरून नोकरीत भेद करू नका म्हणतं, पण ते सरकारी नोकरीपुरतं. भाषा तर त्या यादीतही नाही. खाजगी कंपनीने तुमचं आडनाव, आळी, भाषा किंवा धर्म पाहून बायोडाटा बाजूला ठेवला, तर त्याचा जाब विचारणारा सर्वसाधारण असा एक कायदा आपल्याकडे नाही. शशी थरूर यांनी २०१६ च्या सुमारास तसं एक खाजगी विधेयक आणलं होतं. खाजगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं, कायदा काही झाला नाही. कोणी जातीवरून शिवी दिली तर ॲट्रॉसिटीची तक्रार करता येते, पण फोन आलाच नाही, याची तक्रार कुठल्या पोलीस ठाण्यात लिहून घेतील?

पुतणीचं मात्र वेगळं आहे. बाई म्हणून भरतीत भेद करू नये, हे आपल्याकडे १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून लिहिलेलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांतल्या वेतन संहितेतही ते आलंय. म्हणजे तिच्या प्रश्नाचं कागदावरचं उत्तर, "विचारून त्यावरून नाकारू शकत नाहीत." हे मी ग्रुपवर लिहिलं तर दादा म्हणाला, "मग जाऊ दे तिला लेबर ऑफिसात." आणि हसण्याची तीन तोंडं टाकली. राग आला, पण त्याचं चुकलं होतं असं नाही. तिथल्या निरीक्षकाचं नाव आता 'निरीक्षक तथा सुलभकर्ता' झालंय. कोणाला काय सुलभ करून देणार ते नावावरून कळत नाही.

दादाचा पगाराचा मुद्दाही उडवून लावण्यासारखा नाही. भारतात २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, चांगलंच झालं, पण ज्या नोकरदार बायकांना मातृत्व लाभाच्या तरतुदी लागू होतात त्यांचा त्या काळातला सगळा पगार मालकाच्या खिशातून जातो. इंग्लंडात रजा ५२ आठवड्यांपर्यंत आणि त्यातले ३९ भरपगारी नव्हेत, पण पैसे मिळणारे. कायद्याने ठरलेली ही रक्कम मालक आधी देतो आणि मग त्यातली ९२ टक्के सरकारकडून परत घेतो. छोट्या धंद्याला तर दिल्यापेक्षा थोडे जास्तच मिळतात. हिंजवडीतल्या त्या बाई दुष्ट आहेत असं मला वाटत नाही. बिल त्यांच्या कंपनीच्या नावावर फाडायचं आणि वर त्यांनी हिशेब करू नये म्हणायचं, हे चालणारं नाही. मातृत्वाचा खर्च समाजाने उचलायचा की एकट्या मालकाने, यावर आपल्याकडे जेवढं भांडायला हवं तेवढं कोणी भांडत नाही.

आता माझ्या अनुभवाचं. तो दोनदाचा आहे, आणि दोन्ही वेळा कायदा होता.

पहिली वेळ २०१० ची. मी कंपनीने काढून दिलेल्या व्हिसावर. टीमची वरची जागा निघाली, माझ्यानंतर दीड वर्षाने लागलेल्या मुलाला दिली. साहेबांनी मला कॉफी पाजून सांगितलं की कामात काही खोट नाही, फक्त तुझे उच्चार क्लायंटला जरा जड जातात. मी "आय अंडरस्टँड" म्हणाले आणि कप धुऊन ठेवला. वंशभेदाविरुद्धचा कायदा या देशात नोकरीला लागू झाला १९६८ साली, माझ्या जन्माच्याही आधी. पण माझा व्हिसा त्या कंपनीच्या नावाला बांधलेला होता. आजही अशा व्हिसावर नोकरी सुटली की साधारण साठ दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरा मालक शोधा नाहीतर गाशा गुंडाळा. साठ दिवसांत घर, सामान, नवऱ्याचं काम सगळं आवरायची वेळ येऊ शकते, हे डोक्यात असताना कोणी कलमं वाचत नाही.

दुसरी वेळ २०१४ ची. तोवर कायम राहण्याची परवानगी हातात आली होती, आणि कडेवर लेक. नोकरी दुसरी, हीही कंपनी गोऱ्यांचीच. रजेवरून परतले तर माझं काम दुसऱ्याच्या टेबलावर. मला म्हणे 'हलकं' काही देणार होते, माझ्याच सोयीसाठी. त्या रात्री मी एकासला फोन लावला. मालक आणि कामगार यांच्यात मध्यस्थी करणारी ही इथली सार्वजनिक संस्था, एक पै घेत नाही. पलीकडच्या माणसाने माझं नाव विचारायच्या आधी तारीख विचारली. कधी झालं? कोणत्या दिवशी सांगितलं? कारण ट्रायब्युनलकडे, म्हणजे नोकरीतल्या तंट्यांच्या न्यायाधिकरणाकडे, जायची मुदत तेव्हा होती तीन महिन्यांना एक दिवस कमी, आणि तो एक दिवस चुकला की बहुतेक सगळं संपायचं. मग म्हणाला, जे जे बोलणं झालं ते आज झोपायच्या आधी लिहून ठेवा, शब्द जसेच्या तसे. मी लेकीच्या लसींच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं. ती वही अजून आहे.

खरं सांगते, ट्रायब्युनलपर्यंत मी गेले नसते. त्या काळात भेदभावाचा दावा लावून तो सुनावणीपर्यंत न्यायचा तर २५० अधिक ९५०, असे १२०० पौंड फी होती. २०१३ मध्ये ती लावली आणि दावे धडाधड कमी झाले. २०१७ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने ती फी बेकायदा ठरवली, घेतलेले पैसे परत करावे लागले, आणि तो खटला लढली होती युनिसन नावाची कामगार संघटना. माझं प्रकरण पाचव्या आठवड्यात मध्यस्थीतच मिटलं. जुनं काम नाही मिळालं, पण त्याच हुद्द्याचं मिळालं आणि थोडी रक्कम.

ते मिटलं कशामुळे, यावर मी पुष्कळ विचार केलाय. कंपनी घाबरली ती माझ्या वहीला नाही. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टचं १३६ वं कलम आहे, त्याला. वरवर भेदभाव झालाय असं दाखवणाऱ्या गोष्टी मी मांडल्या, की पुढचं ओझं मालकावर जातं. तसं नव्हतं, हे त्याने सिद्ध करायचं. मालकाच्या मनात काय होतं ते मी कुठून सिद्ध करणार? फायली त्याच्या, ईमेल त्याचे, कपाटाची किल्ली त्याच्या खिशात. ज्यांवरून भेद करायचा नाही अशा वंश, लिंग, वय वगैरे नऊ गोष्टींची यादी सगळे पाठ म्हणतात, पण दात आहेत ते या कलमाला.

इथलं सगळं गोडच आहे असं मात्र कोणी समजू नये. मी राहते त्या मिल्टन कीन्समध्येच एका भारतीय घराने बिहारमधून आणलेल्या बाईला साडेचार वर्षं राबवलं. दिवसाचे अठरा तास, आठवड्याचे सातही दिवस, जमिनीवर गादी, आणि मजुरी ताशी ११ पेन्सच्या आसपास. २०१५ मध्ये ट्रायब्युनलने तिला नुसत्या थकलेल्या मजुरीचे सुमारे १ लाख ८४ हजार पौंड द्यायला लावले. त्याच खटल्यात वरच्या पातळीवर असं ठरलं की जात काही वेळा कायद्यातल्या 'वांशिक मूळ' या शब्दांत बसू शकते. कायद्यात 'जात' हा शब्द घालायला संसदेने २०१३ मध्ये सरकारला सांगितलं होतं, पण २०१८ मध्ये सरकारने हात वर केले. खटल्यांतून होईल ते होईल म्हणाले.

त्याच्या आदल्या वर्षी सरकारने लोकांची मतं मागवली होती. आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये तेव्हा बटाटेवड्यांच्या रांगेत सह्यांचा कागद फिरत होता, हा शब्द नको म्हणून. इथे जात आहेच कुठे, कायद्याने उगाच ती आणायची. कागद घेऊन फिरणाऱ्या ताई खरंच भल्या आहेत, माझ्या बाळंतपणात डबा पोचवायच्या. मी सही केली नाही. का केली नाही, ते बोलले मात्र नाही. "पेन नाही," म्हणाले आणि वडे घेऊन टेबलाकडे गेले. त्या हॉलमध्ये माझा व्हिसा कोणाच्याही हातात नव्हता, तरीही.

म्हणून पुतणीला तडक "भांड" असं लिहायला माझं बोट धजावेना. तिचा व्हिसा नसेल, पण रिलीव्हिंग लेटर आहे. पुढच्या कंपनीला ते लागतं, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला जुन्या एचआरला फोन जातो, आणि पुण्यातल्या सगळ्या एचआर एकमेकींना ओळखतात, निदान पोरींना तसं वाटतं. साठ वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका औषध कंपनीत पॅकिंगला बसणाऱ्या बायकांना लग्न केलं की काढून टाकायचा नियम होता. १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द ठरवला. पण कोर्टात नाव होतं बॉम्बे लेबर युनियनचं. एकट्या कुठल्या बाईला पुढे उभं राहावं लागलं नाही. माझ्या पुतणीच्या ऑफिसात पिंगपाँगचं टेबल आहे, बीन बॅग आहेत, युनियन हा शब्द काढला तर पोरं हसतात.

शेवटी मी तिला एकासच्या त्या माणसाने सांगितलं तेच सांगितलं. तारीख, वेळ, कोण होतं, शब्द जसेच्या तसे, आजच्या आज. कामाला येईल न येईल, लिही. रात्री तिचा मेसेज आला. सगळं नीट होतं, तिसरी फेरी, सकाळी अकरा चाळीस, खोलीत दोघंजण, "गुड न्यूज" अवतरणचिन्हांत. खाली एकच ओळ होती, "आत्या, लिहिलं. आता हे कोणाला पाठवू?"

मला पाठवून ठेव म्हणाले.